डिमर आणि १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर: लोडचा मेळ कसा घालायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालचे प्रश्न आम्हाला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि चालू कामावर शिडीखाली उभं राहून विचारले गेले आहेत. विचारणारे बहुतेक गोव्यातल्या म्हापसा, डिचोली, पेडणे, फोंडा या भागातले: होमस्टे चालवणारे, देवळाच्या कमिटीतले, जुन्या घराची डागडुजी काढलेले आणि बरेच वायरमन मित्रही. एकच उत्तर दोनदा वाचावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. २३० व्होल्टच्या बाजूचं कोणतंही काम एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून आणि लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

१. बल्ब तर फक्त १२ व्होल्टचा आहे. मग डिमरवर लोड कमीच येणार ना?

नाही. व्होल्टेज कमी झालं की त्याच वॉटसाठी करंट वाढतो. ५० वॉटचा हॅलोजन १२ व्होल्टवर चार अँपिअरहून थोडा जास्त करंट ओढतो. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, २३० व्होल्टच्या बाजूला, तोच बल्ब साधारण पाव अँपिअर घेतो. डिमर या अलीकडच्या बाजूला बसतो, त्यामुळे त्याला बल्बचे पूर्ण ५० वॉट सोसावे लागतात आणि वर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा खर्चही. बल्बावर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून हिशेबात काहीच सूट मिळत नाही.

२. माझ्याकडे कोणता ट्रान्सफॉर्मर आहे ते कसं ओळखायचं?

हातात घेऊन पाहा. कॉइलचा ट्रान्सफॉर्मर जड असतो, लोखंडी पट्ट्यांचा किंवा गोल कड्यासारखा, आणि चालू असताना कान लावला तर बारीक गुंजतो. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर प्लॅस्टिकच्या लांबट डबीत असतो, हलका, आणि त्याच्या लेबलवर बहुधा ‘२० ते ६० वॉट’ अशी कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा छापलेली असते. आउटपुटपुढे ‘डीसी’ लिहिलं असेल तर तो ट्रान्सफॉर्मर नव्हे, एलईडीचा ड्रायव्हर आहे. त्याच्यासाठी प्रश्न १३ पाहा.

पीओपीच्या आत काय बसवलंय हे घरमालकाला सहसा ठाऊक नसतं. एक फोकस खाली ओढून लेबलचा फोटो काढा आणि तो जपून ठेवा. खालचं प्रत्येक उत्तर त्या लेबलवर अवलंबून आहे.

३. कोणत्या ट्रान्सफॉर्मरला कोणता डिमर?

कॉइलच्या ट्रान्सफॉर्मरला लीडिंग एज डिमर, म्हणजे ट्रायकवाला (ट्रायक म्हणजे डिमरच्या आतला इलेक्ट्रॉनिक स्विच). इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला ट्रेलिंग एज. डिमर दर अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापतो. लीडिंग एज सुरुवातीचा भाग कापतो आणि मग एकदम चालू होतो, कॉइलला ते सोसतं. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी कपॅसिटर असतो. त्याच्यावर व्होल्टेज असं धाडकन आलं तर सेकंदाला शंभर वेळा करंटचा फटका बसतो. उलट बाजूने, ट्रेलिंग एज डिमर कॉइलचा करंट मध्येच तोडतो आणि त्या तोडण्याने उसळणारं व्होल्टेज डिमरचेच भाग मारतं.

चांगल्या डिमरच्या अंगावर आर, एल, सी ही इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. आर म्हणजे साधे बल्ब, एल म्हणजे कॉइल, सी म्हणजे इलेक्ट्रॉनिक. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं अक्षर डिमरवर नसेल तर पुढचा वॉटचा आकडा वाचण्यात अर्थ नाही. आमचा आग्रह एवढाच आहे: आधी प्रकार, मग आकडा. दुकानात नेमकं याच्या उलट होतं.

४. डिमरवर ६५० वॉट लिहिलंय. ५० वॉटचे १२ फोकस म्हणजे ६००. चालेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर सगळ्यात महाग पडतं.

एका देवळाच्या चौकात आम्ही हेच पाहिलं. गर्भकुडीकडे तोंड केलेले बारा हॅलोजन, प्रत्येकाला आपापला कॉइलचा ट्रान्सफॉर्मर, आणि सगळ्यांना मिळून एक ६५० वॉटचा डिमर. कागदावर ५० वॉट शिल्लक. जत्रेच्या संध्याकाळी, आरती उभी राहिली असताना, चौक एकदम काळोखात गेला. समयांचा उजेड तेवढा उरला. डिमरची प्लेट उघडली तर मागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, फेजच्या स्क्रूखाली वायरचं इन्सुलेशन बोटभर मागे सरकलेलं, आणि तो जळका आंबूस वास.

चूक बेरजेत नव्हती. बेरीज चुकीच्या गोष्टीची केली होती. ६५० वॉट हा आकडा साध्या फिलामेंटच्या बल्बांचा असतो. कॉइलचा ट्रान्सफॉर्मर तापण्यात काही वॉट घालवतो, शिवाय त्याचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, म्हणून त्याचा लोड व्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमध्ये, मोजतात. कामाचा नियम असा की डिमरची व्हीए मर्यादा घ्यायची आणि तिच्या पाऊणपट वॉटचे बल्ब लावायचे. ६०० व्हीएच्या डिमरवर ४५० वॉटचे बल्ब. हा हिशेब उलटा मांडला तर ६०० वॉटच्या बल्बांना ८०० व्हीएचा डिमर लागतो.

तिथे आम्ही सहा-सहा फोकसचे दोन सर्किट केले. प्रत्येकी ३०० वॉट, म्हणजे ४०० व्हीए, आणि प्रत्येकाला एल अक्षर असलेला ६०० व्हीएचा डिमर. एक डिमर कधी गेलाच तरी अर्धा चौक उजेडात राहतो, देवळात ही गोष्ट मोलाची आहे.

इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असेल तर स्वतःचा खर्च कमी, शंभराला पाच-सात वॉट धरा. पण तिथे डिमरच्या कागदावर ‘जास्तीत जास्त इतके ट्रान्सफॉर्मर’ अशी वेगळी अट असू शकते. वॉट बसत असले तरी ती अट मोडू नका.

५. ट्रान्सफॉर्मर १५० व्हीएचा आहे, त्यावर २० वॉटचे दोनच बल्ब आहेत. डिमरच्या हिशेबात ४० धरू की १५०?

आम्ही १५० धरतो. आज ओढला जातोय ४०, हे खरं. पण वर्षभराने कुणीतरी ‘उजेड कमी पडतो’ म्हणून ५० वॉटचे तीन बल्ब लावणार. ट्रान्सफॉर्मर ते मुकाट्याने देणार आणि भार डिमरवर जाणार. घर तुमचं, बल्ब तुम्हीच बदलणार आणि लक्षात ठेवणार अशी खात्री असेल तर बल्बांवरून हिशेब करा. भाड्याच्या घरात आणि होमस्टेत ट्रान्सफॉर्मरच्या लेबलवरचे आकडेच बेरजेला घ्या.

६. मी डिमर कायम अर्ध्यावरच ठेवतो. मग लोडही अर्धाच धरला तर?

धरू नका. अर्ध्यावर असताना लाट बरोबर शिखरावर कापली जाते, कॉइलचा आवाज तिथेच सर्वांत जास्त येतो आणि डिमरच्या आतल्या भागांवर ताणही तिथे जास्त असतो. शिवाय पाहुण्यांची पोरं बटण फुलवर फिरवणारच.

७. आमच्याकडे मे महिन्यात भिंतच तापते. डिमरची मर्यादा कमी होते का?

होते. डिमर चालताना स्वतः थोडी उष्णता सोडतो, लोडच्या साधारण एक टक्का. चारशे वॉटला चार वॉट म्हणजे फार नाही, पण चिऱ्याच्या भिंतीत गाडलेल्या बंद पेटीत ती उष्णता जाणार कुठे? पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन खाल्लेला चिरा रात्री नऊपर्यंत गरम असतो, आणि दिवे लागण्याची वेळ तीच. छापलेली मर्यादा ठरावीक तापमानासाठी असते. ते तापमान कागदावर दिलेलं असेल तर पाहा. नसेल तर आम्ही छापील आकड्याच्या ८० टक्क्यांवर थांबतो.

एका प्लेटमध्ये दोन-तीन डिमर शेजारी शेजारी बसवले तर मर्यादा आणखी उतरते, कारण ते एकमेकांना तापवतात. मध्ये एक कोरी पट्टी सोडा. स्विचबोर्डात जागा नाही ही सबब आम्ही मान्य करत नाही, मोठी प्लेट घ्यावी.

किनाऱ्याजवळच्या घरांत आणखी एक काळजी. खाऱ्या हवेने पितळी स्क्रूवर हिरवा थर चढतो, सांधा सैल पडतो आणि लोड मर्यादेत असूनही तो सांधाच तापतो. पावसाळा संपला की प्लेट उघडून स्क्रू आवळून घ्या. पेटीत मुंग्यांनी वारूळ केलेलं आम्हाला कितीदा तरी सापडलंय.

८. हॅलोजन काढून ५ वॉटचे एलईडी लावले तर आता लुकलुकतात. लोड कमी झाला, मग त्रास का?

लोड कमी झाला म्हणूनच. मर्यादा वरून असते तशी खालूनही असते. ‘२० ते ६० वॉट’च्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला ५ वॉटचा बल्ब इतका हलका पडतो की तो नीट सुरूच होत नाही: चालू होतो, बंद पडतो, परत चालू. डिमरचंही तसंच. त्याला ४० वॉट किमान लागत असतील तर ५ वॉटचे सहा बल्ब मिळून ३०च होतात.

एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरेच बल्ब असतील तर एक हॅलोजन तसाच ठेवून तात्पुरतं भागतं. प्रत्येक फोकसला वेगळा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्या युक्तीचा फायदा फक्त डिमरला होतो, बाकीच्या ट्रान्सफॉर्मरना नाही. आणि वॉट बसले तरी खात्री नसते, कारण एलईडी बल्बाच्या आतलं सर्किट हॅलोजनसारखा सलग करंट घेत नाही. आमचं मत विचाराल तर जुने ट्रान्सफॉर्मर काढून टाका, आणि २३० व्होल्टचे ‘डिमेबल’ लिहिलेले एलईडी घ्या किंवा डिमेबल ड्रायव्हरसकट नवे फोकस. निम्मं जुनं आणि निम्मं नवं ठेवण्यात गेलेले पैसे आम्ही फार पाहिलेत.

उलट बाजूही लक्षात असू द्या. ४०० वॉटच्या डिमरवर ४०० वॉटचे एलईडी चालत नाहीत. एलईडी करंट छोट्या छोट्या उसळ्यांत घेतो. डिमरवर एलईडीचा वेगळा आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. नसेल तर साध्या आकड्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नका.

९. एक बल्ब उडाला की पाठोपाठ बाकीचेही उडतात. असं का?

एका कॉइलवर चार बल्ब असताना एक गेला की लोड उतरतो आणि उरलेल्या तिघांना जरा जास्त व्होल्टेज मिळतं. हॅलोजनला पाच टक्के जास्त व्होल्टेज मिळालं तरी आयुष्य जवळपास निम्मं होतं. रात्री उशिरा आसपासचा वापर कमी झाल्यावर लाइनचं व्होल्टेज चढतं, त्याचीही भर पडते. म्हणून उडालेला बल्ब लगेच बदला.

याहून महत्त्वाचं: कॉइलच्या ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे बल्ब उडालेले किंवा काढलेले असताना डिमर चालू ठेवू नका. बिनलोडाच्या कॉइलवर ट्रायक दोन्ही अर्ध्या लाटा सारख्या कापत नाही. त्या फरकाचा डीसी कॉइलमधून वाहतो आणि एकही दिवा पेटलेला नसताना ट्रान्सफॉर्मर हात लावू देणार नाही इतका तापतो. लाकडी वाशांवर, कौलांखाली बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत ही आगीची गोष्ट आहे.

१०. डिमर कमी केला की छत गुंजतं. लोड जास्त झालाय का?

बहुतेक वेळा नाही. कापलेल्या लाटेने कॉइलच्या लोखंडी पट्ट्या थरथरतात आणि लाकडी छत तबल्यासारखं तो आवाज मोठा करतं. ट्रान्सफॉर्मरखाली रबराची गादी घाला, पट्टीवाल्याच्या जागी गोल कड्याचा घ्या. मात्र आवाज डिमरमधून येत असेल आणि प्लेट गरम लागत असेल, तर प्रश्न ४ चा हिशेब परत करा.

११. फॅनचा रेग्युलेटर डिमर म्हणून वापरला तर? जागा तीच, बटण तेच.

नको. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, ते एका पंख्याच्या करंटचा अंदाज धरून बसवलेले. ट्रान्सफॉर्मरशी जोडले की व्होल्टेज कुठे जाईल ते सांगता येत नाही. सलग फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायक असतो खरा, पण तो जेमतेम एका पंख्यापुरता, शंभर वॉटच्या आसपास.

१२. डिमर १२ व्होल्टच्या बाजूला लावला तर शॉकची भीती नाही. तसं करू का?

हॅलोजनच्या बाबतीत नाही. भिंतीतला डिमर २३० व्होल्टसाठी बनलेला असतो. १२ व्होल्टला ३०० वॉट म्हणजे २५ अँपिअर, ते त्याच्यातून जाणार नाहीत. आणि १२ व्होल्ट शॉक देत नसले तरी २५ अँपिअर सैल सांध्यावर लाकूड पेटवू शकतात. एलईडी पट्टीला अपवाद आहे, तो पुढच्या उत्तरात.

१३. चतुर्थीला मखराला आणि माटोळीभोवती (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीभोवती) एलईडी पट्टी लावतो. तिचा डिमर आणि ट्रान्सफॉर्मर कसा जुळवायचा?

पट्टीला डीसी लागतो. हॅलोजनचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचाच असला तरी तो जलद एसी देतो, त्यावर पट्टी लावू नका.

पट्टीच्या रिळावर मीटरला किती वॉट ते लिहिलेलं असतं. मीटरला १४.४ वॉटची पाच मीटर पट्टी म्हणजे ७२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. ड्रायव्हर पूर्ण भरू नका. ८० टक्क्यांचा हिशेब धरला तर ९० वॉट लागतात, बाजारात १०० चा मिळतो. मंद करायला ड्रायव्हर आणि पट्टीच्या मध्ये १२ व्होल्ट डीसीचा पीडब्ल्यूएम डिमर लावा. त्याची मर्यादा अँपिअरमध्ये असते, इथे ८ अँपिअरचा घ्या. हा डिमर लाट कापत नाही, अतिशय जलद चालू-बंद करतो, म्हणून १२ व्होल्टच्या बाजूला चालतो.

भिंतीतल्या २३० व्होल्टच्या डिमरनेच पट्टी मंद करायची असेल, तर ड्रायव्हरवर ‘डिमेबल’ आणि कोणत्या एजचा ते लिहिलेलं हवं. साधा ड्रायव्हर डिमरवर टाकला तर तो फडफडतो आणि मरतो.

माटोळीची ताजी फळं आणि पानं ओली असतात. ड्रायव्हर आणि २३० व्होल्टचे सांधे माटोळीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा.

१४. लाइट गेली की इन्व्हर्टरवर डिमरवाले दिवे विचित्र वागतात. डिमर खराब झाला का?

डिमर लाट शून्यावरून जाण्याची वेळ धरून काम करतो. स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, तिच्यावर डिमरचा अंदाज चुकतो आणि कॉइलचा ट्रान्सफॉर्मर जोरात गुंजून जास्त तापतो. पावसाळ्यात तासन्‌तास लाइट जाते अशा गावांत आम्ही डिमरचं सर्किट इन्व्हर्टरवर घेतच नाही. घ्यायचंच असेल तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो. जनरेटरवर वेग खालीवर झाला तरी दिवे हलतात.

१५. जुन्या घरातल्या स्विचपेटीत न्यूट्रल नाही. ट्रेलिंग एज डिमर बसेल?

बऱ्याच ट्रेलिंग एज डिमरना न्यूट्रल लागतो. विकत घेण्याआधी मागची जोडणीची आकृती पाहा. अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरण्याचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर त्या माणसाला काम देऊ नका.

१६. एकाच डिमरवर काही कॉइलचे आणि काही इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर चालतील का? डिमर ‘युनिव्हर्सल’ आहे.

चालणार नाहीत. युनिव्हर्सल डिमर सुरू होताना लोड ओळखतो आणि लीडिंग किंवा ट्रेलिंग यांपैकी एकच पद्धत निवडतो. मिश्र लोडावर कोणतीही निवड कुणातरी एकासाठी चुकीचीच ठरते. हा घोटाळा दुरुस्तीच्या वेळी होतो: आठपैकी एक कॉइलचा ट्रान्सफॉर्मर गेला, दुकानात हलका इलेक्ट्रॉनिक मिळाला, तोच बसवला. म्हणूनच प्रश्न २ मधला लेबलचा फोटो मोबाइलमध्ये हवा.

१७. अंगणातला फोकस ट्रान्सफॉर्मरपासून लांब आहे आणि मिणमिणतो. डिमरमुळे का?

वायरमुळे. ५० वॉटचा बल्ब, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि दहा मीटर अंतर. जायची-यायची मिळून वीस मीटर होते आणि तिच्यात साधारण एक व्होल्ट खर्च होतो. २३० तून एक गेला तर कळतही नाही, १२ तून गेला तर हॅलोजनचा जवळजवळ चौथाई उजेड जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हा खर्च चार दशांश व्होल्टच्या आसपास येतो. ट्रान्सफॉर्मर फोकसजवळ, पावसाचं पाणी न लागणाऱ्या पेटीत बसवणं त्याहून चांगलं.

इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची वायर दोन मीटरच्या आतच ठेवा. त्याचं आउटपुट हजारो हर्ट्झचं असतं, लांब वायरीत उजेड जातो आणि रेडिओत खरखर येते. साध्या मल्टिमीटरने ते मोजूही नका, आकडा भलताच दिसतो आणि चांगला ट्रान्सफॉर्मर फेकला जातो.

पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांचा विषय वेगळा आहे. पाण्यात फक्त सुरक्षा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरवरचे १२ व्होल्टचे दिवे, आणि तो ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब. तिथे घरगुती फोकसचं सामान वापरू नका, डिमरही नको.

१८. डिमर कितीही फिरवला तरी लाइट फुलच राहते. लोड वाढवून पाहू का?

अजिबात नको. डिमरचा ट्रायक शॉर्ट झाला आहे. तो आता नुसती वायर झालाय, म्हणून दिवे पूर्ण पेटतात. याचं नेहमीचं कारण म्हणजे लोड मर्यादेबाहेर गेला, किंवा एखाद्या फोकसच्या होल्डरमध्ये शॉर्ट झाला. एमसीबी पाडा. नवा डिमर लावण्याआधी सगळे बल्ब काढून त्यांच्यावरचे वॉट वाचा, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं लेबल वाचा, प्रश्न ४ प्रमाणे बेरीज करा आणि होल्डर तपासा. हे न करता नवा डिमर लावला तर तोही त्याच वाटेने जातो. एका होमस्टेत असे तीन डिमर गेल्यावर आम्हाला बोलावलं. कारण होतं एका बलकांवातल्या (दारापुढच्या ओसरीतल्या) फोकसचा गंजलेला होल्डर, साठ-सत्तर रुपयांचा.